चिनी मालिकांचे पटकथाकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी मालिका बघणाऱ्या मराठी प्रेक्षकांचे प्रश्न आधी नटनट्यांबद्दल असायचे. हल्ली 'हे लिहितं कोण, आणि त्याचं पोट यावर भरतं का?' अशी विचारणा जास्त होते. त्यांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं येतात. चीनमध्येही तसंच असतं का?

सहसा नाही. तिथे 'बियानजू' हे एकच पद आहे आणि सगळं त्यात येतं. आधी कथेचा सारांश, मग पात्रांची टिपणं, मग भागवार आराखडा आणि शेवटी संवादांसकट पूर्ण पटकथा. चार जण लिहीत असले तरी 'हा फक्त संवादवाला' अशी वाटणी नसते. भाग वाटून घेतात आणि एक मुख्य पटकथाकार सगळ्यांवरून हात फिरवतो.

कागदावर एक प्रसंग साधारण असा दिसतो: डोक्यावर '१२-७', म्हणजे बाराव्या भागातला सातवा प्रसंग. त्यापुढे दिवस की रात्र, आत की बाहेर, ठिकाण आणि हजर पात्रांची नावं. त्याखाली कृतीच्या प्रत्येक ओळीआधी एक छोटा त्रिकोण. त्रिकोण दिसला की नटाला कळतं, हे बोलायचं नाही, करायचं आहे. संवाद पात्राच्या नावापुढे येतात आणि मनातलं बोलणं वेगळ्या खुणेनं दाखवतात. कामचुकार पटकथा ओळखायची सोपी युक्ती अशी की तिच्यात त्रिकोण फार कमी असतात.

२. एका मालिकेसाठी किती लिहावं लागतं?

पंचेचाळीस मिनिटांच्या एका भागाला साधारण १२ ते १५ हजार चिनी अक्षरं लागतात. चाळीस भागांची मालिका म्हणजे पाच-सहा लाख अक्षरं, तीही एका खर्ड्याची. खर्डे तीन-चार तरी होतात. वर्ष-दोन वर्षं सहज जातात. लिऊ हेपिंग यांच्यासारखा हट्टी माणूस असला तर त्याहून जास्त. २०१४ साली आलेल्या 'ऑल क्वाएट इन पेकिंग' या ५३ भागांच्या मालिकेवर त्यांनी सात वर्षं घालवली. त्याआधी त्यांच्या नावावर 'योंगझेंग डायनॅस्टी' (१९९९) आणि 'मिंग डायनॅस्टी इन १५६६' (२००७) होत्या. यातली दुसरी पहिल्या प्रक्षेपणात साफ आपटली. आज तिचं नाव चीनच्या सर्वोत्तम ऐतिहासिक मालिकांत घेतलं जातं.

३. चित्रीकरणाआधी सगळी पटकथा तयार असते, हे खरं का? मराठी मालिकेत तर आज लिहिलेलं परवा दिसतं.

कागदोपत्री खरं आहे, आणि दोन्हीकडच्या धंद्यातला मोठा फरक हाच. चिनी मालिका बहुतेक पूर्ण चित्रित होऊन, पूर्ण तपासून मगच प्रसारित होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय प्रसारण प्रशासनानं काढलेल्या परिपत्रकानुसार, चित्रीकरणाची नोंदणी करतानाच संपूर्ण पटकथा बहुतांशी लिहून झालेली असावी लागते. टीआरपी घसरला म्हणून सासूची स्मृती घालवायची सोय तिथल्या लेखकाला नाही.

प्रत्यक्ष सेटवर मात्र पानं उडत असतात. नटाच्या तारखा बदलतात, एखादं ठिकाण हातचं जातं, दिग्दर्शकाला प्रसंग पटत नाही. मग रात्री हॉटेलच्या खोलीत बसून उद्याचा प्रसंग नव्यानं लिहिला जातो. त्यासाठी युनिटबरोबर राहणारा वेगळा लेखक ठेवतात आणि तो मूळ पटकथाकार असेलच असं नाही. मूळ लेखकाला आपली मालिका पडद्यावर बघतानाच धक्के बसतात ते यामुळे.

४. हे लोक येतात कुठून? कुठलं खास शिक्षण लागतं का?

सरळ वाट म्हणजे बीजिंगची सेंट्रल अकॅडमी ऑफ ड्रामा, बीजिंग फिल्म अकॅडमी किंवा शांघाय थिएटर अकॅडमी. या संस्थांत नाट्यलेखन किंवा चित्रपटसाहित्य शिकवणारे विभाग आहेत आणि प्रवेशपरीक्षेला तोबा गर्दी असते.

पण नावाजलेली मंडळी बघितली तर वाकड्या वाटाच जास्त दिसतात. सम्राट कांगशीच्या वेषांतराच्या लोकप्रिय मालिका लिहिणारे त्सोऊ जिंगझी हे कवी आणि एका कवितामासिकाचे संपादक होते. झोऊ मेइसेन कादंबरीकार (प्रश्न १० पाहा). 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'च्या लिऊ लियानत्सी हांगचौच्या शाळेत चिनी भाषा शिकवायच्या. राजवाड्यातल्या कटकारस्थानांची कादंबरी त्यांनी इंटरनेटवर लिहिली आणि तीच पुढे मालिका झाली.

५. नवख्याला पहिलं काम कसं मिळतं?

एखाद्या प्रस्थापित लेखकाच्या हाताखाली. आधी संशोधन, मग आराखडे, मग दोन-चार भागांचे पहिले खर्डे. श्रेयनामावलीत नाव येईल की नाही हे वरच्याच्या मर्जीवर. नाव न लावता दुसऱ्यासाठी लिहून देणाऱ्याला तिथे 'बंदूकधारी' म्हणतात, आणि बऱ्याच जणांची पहिली काही वर्षं असंच दुसऱ्याच्या खांद्यावरून गोळ्या झाडण्यात जातात.

दुसरी वाट संपादकाची. निर्मिती कंपनीत पटकथा वाचून शेरे देणारी नोकरी. पगार बेताचा, पण कुठली पटकथा का अडते हे तिथे बसल्यावर जितकं कळतं तितकं कुठल्याच वर्गात कळत नाही. माझ्या मते नवख्यानं हीच वाट धरावी. तिसरी वाट अलीकडची आहे, तिच्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

६. पैसे कसे मिळतात? पुरेसे असतात का?

दर भागामागे ठरतो आणि हप्त्याहप्त्यानं मिळतो: करार झाल्यावर थोडी आगाऊ रक्कम, सारांश मंजूर झाला की काही, भागवार आराखड्यावर काही, पहिल्या खर्ड्यावर काही, आणि अंतिम पटकथा 'स्वीकारली' की उरलेली.

गोम त्या शेवटच्या हप्त्यात आहे. 'स्वीकारली' म्हणजे कोणी आणि कधी? करारात 'निर्मात्याचं समाधान झाल्यावर' असं लिहिलं असेल तर निर्मात्याचं समाधान कधीच होत नाही. प्रकल्प गुंडाळला, गुंतवणूकदार पळाला, दुसरा लेखक आणला, तर तो हप्ता बुडालाच समजा. म्हणून जाणती माणसं करारात दुरुस्त्यांची संख्या आणि उत्तराची मुदत घालून घेतात: इतक्या दिवसांत लेखी शेरा आला नाही तर पटकथा स्वीकारली असं धरायचं.

मोठा पैसा बराच काळ नटांकडे जात होता. २०२० च्या त्याच परिपत्रकानं (प्रश्न ३ पाहा) नटांचं एकूण मानधन निर्मितीखर्चाच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये आणि त्यातही मुख्य नटांचा वाटा ७० टक्क्यांच्या आत राहावा असं बजावलं. वाचलेला पैसा लेखकाकडेच वळेल अशी तरतूद मात्र त्यात नाही.

७. मूळ कादंबरीकारच पटकथा लिहितात का?

कधी कधी. 'निर्वाणा इन फायर' (२०१५, ५४ भाग) ही हाय यान यांच्याच कादंबरीवर त्यांनीच लिहिलेली मालिका, आणि लेखिकेच्या हातून रूपांतर उत्तम होऊ शकतं याचा दाखला म्हणून तीच पुढे केली जाते. 'एम्प्रेसेस'मध्ये लिऊ लियानत्सींच्या जोडीला वांग श्याओपिंग होत्या. तिथला सर्वांत मोठा बदल मात्र दिग्दर्शक झेंग श्याओलोंग यांच्या भूमिकेतून आला. कादंबरी काल्पनिक राजवटीत घडते, मालिका त्यांनी थेट छिंग राजवटीतल्या सम्राट योंगझेंगच्या दरबारात नेली. त्यामुळे पोशाख, पदव्या, शिष्टाचार या सगळ्याला इतिहासाचा आधार मिळाला आणि सुडाची गोष्ट माणसं गिळणाऱ्या व्यवस्थेची गोष्ट झाली.

बहुतेक वेळा कंपनी गाजलेल्या वेबकादंबरीचे हक्क घेते आणि पटकथेला व्यावसायिक लेखक बसवते. माओ नी यांच्या अवाढव्य कादंबरीवरून वांग ज्वान यांनी 'जॉय ऑफ लाइफ' (२०१९) लिहिली. २०२० मध्ये शांघाय टेलिव्हिजन महोत्सवात रूपांतरित पटकथेचं मॅग्नोलिया पारितोषिक त्यांना मिळालं.

८. सेन्सॉर नेमका कुठे आडवा येतो?

दोन दारांवर. पहिलं दार चित्रीकरणाआधी: निर्मिती कंपनी विषयाची नोंदणी करते. त्यासोबत किमान १५०० अक्षरांचा सारांश द्यावा लागतो, त्यात आशय, पात्रं, काळ आणि कथानक. मंजूर प्रकल्पांची यादी जाहीर होते. पोलीस, न्यायालय, लष्कर, परराष्ट्र, धर्म किंवा वांशिक अल्पसंख्याक यांच्याशी संबंधित विषय असेल तर त्या-त्या खात्याचं लेखी मत लागतं. क्रांतीचा आणि देशाच्या इतिहासाचा मोठा विषय असेल तर वेगळा तपासगट.

दुसरं दार तयार मालिकेचं: वितरण परवाना. इंटरनेटवरच्या मालिका बराच काळ या दारातून जात नव्हत्या. १ जून २०२२ पासून त्यांनाही वितरण परवान्याचा क्रमांक पडद्यावर दाखवावा लागतो.

लेखकाला खरा त्रास लिखित नियमांचा नसतो, हवा बदलण्याचा असतो. २०१८ साली 'स्टोरी ऑफ यांशी पॅलेस'नं विक्रम केले. जानेवारी २०१९ मध्ये एका सरकारी वृत्तपत्रानं राजवाडी मालिकांवर झोड उठवली आणि वाहिन्यांनी तिची पुनःप्रक्षेपणं गुंडाळली. नियम तोच होता, हवा बदलली होती. त्या वेळी टेबलावर राजवाड्याची पटकथा असलेल्या लेखकाचं काय झालं असेल, याची कल्पना करा.

९. कालप्रवासावर बंदी आहे म्हणतात. मग 'जॉय ऑफ लाइफ' चालली कशी?

सरसकट बंदी नाही, पण २०११ पासून भूतकाळात जाणाऱ्या कथांवर अधिकाऱ्यांची वक्रदृष्टी आहे. कादंबरीत आजचा माणूस खरोखरच जुन्या काळात जन्म घेतो. वांग ज्वान यांनी त्याभोवती एक चौकट घातली: आजचा एक विद्यार्थी आपला मुद्दा प्राध्यापकांना पटवण्यासाठी कादंबरी लिहितो, आणि आपण बघतो ती त्याची कादंबरी. प्रवास कोणी केलाच नाही, कोणीतरी फक्त कल्पना केली. पुढच्या गोष्टीला धक्का न लावता पाच-दहा मिनिटांत अडचण मिटली.

अशा पळवाटा हे तिथल्या लेखनकलेचं अंगच आहे. खरी राजवट अडचणीची असेल तर काल्पनिक राजवट घ्यायची. भूतपिशाच्च असेल तर शेवटी ते स्वप्न, औषध किंवा माणसाची करामत निघायची. १९४९ नंतर, म्हणजे आजच्या चीनची स्थापना झाल्यावर, प्राण्यांनी मनुष्यरूप घ्यायला मनाई आहे असा एक विनोद तिथे नेहमी सांगतात. असा लेखी नियम नाही, पण लेखक तो पाळतात.

१०. भ्रष्टाचारावर तर उघड मालिका येतात. त्या कशा चालतात?

येतात, जातात, पुन्हा येतात. झोऊ मेइसेन यांची कारकीर्द बघा. १९५६ चा जन्म, शूचौचे. सत्तेच्या राजकारणावरच्या कादंबऱ्या आणि 'ॲब्सोल्यूट पॉवर' (२००३) सारख्या मालिकांनी त्यांचं नाव झालं. २००४ मध्ये गुन्हे आणि भ्रष्टाचारावरच्या मालिका मुख्य वेळेतून हटवल्या गेल्या आणि या धाटणीला ओहोटी लागली. तेरा वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यांची 'इन द नेम ऑफ द पीपल' हुनान वाहिनीवर मुख्य वेळेत आली आणि देशभर गाजली. त्या वेळी भ्रष्टाचारविरोधी मोहीम जोरात होती आणि निर्मितीमागे सर्वोच्च अभियोजन कार्यालयाचं चित्रपट-दूरदर्शन केंद्र उभं होतं. लेखक तोच होता. दार आतून उघडलं होतं.

तरीही प्रांत काल्पनिकच ठेवावा लागला, 'हानदोंग'. गुन्हेगारी टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेवरच्या 'द नॉकआउट' (२०२३) मधलं शहरही असंच बनावट. आणि शेवटी कायदा जिंकलाच पाहिजे. म्हणून कित्येक गुन्हेमालिकांच्या शेवटच्या चौकटीत कोणाला किती वर्षांची शिक्षा झाली हे लेखी येतं. कथा संपल्यावर चिकटवलेली ही पावती नजरेला खुपते, पण तिच्याशिवाय आधीचे सगळे भाग सुटत नाहीत.

११. 'द अनटेम्ड'सारख्या मालिकांतलं प्रेम मैत्री म्हणून का दाखवतात?

कारण मूळ कादंबरीत दोन पुरुषांचं प्रेम आहे आणि ते तसंच्या तसं पडद्यावर येऊ शकत नाही. २०१९ च्या या मालिकेत लेखकांनी त्याला जिवलग सख्याचं रूप दिलं आणि बाकी नजरांवर सोडून दिलं. प्रेक्षकांनी ते बरोब्बर वाचलं. २०२१ नंतर या धाटणीवर फास आवळला गेला आणि तयार होऊन पडलेल्या कित्येक मालिका अजून बाहेर आलेल्या नाहीत. त्यांच्या लेखकांच्या शेवटच्या हप्त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

१२. गोष्ट चोरली तर न्याय मिळतो का?

मिळाला आहे, आणि त्या खटल्यानं धंद्याची भाषाच बदलली. तैवानच्या ज्येष्ठ लेखिका चिउंग याओ यांनी २०१४ मध्ये पटकथाकार-निर्माते यू झेंग यांच्यावर दावा केला: त्यांची 'पॅलेस ३' ही मालिका आपल्या 'प्लम ब्लॉसम स्कार' वरून उचलली आहे. चिउंग याओंच्या गोष्टीत प्रतिष्ठित घराण्यातली बाई मुलगी झाली म्हणून तिच्या जागी मुलगा आणून ठेवते, आणि जाणाऱ्या मुलीच्या खांद्यावर फुलाची खूण डागते. मुलांची अदलाबदल ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही, ती जगभर आहे. चिउंग याओंच्या बाजूनं मुद्दा मांडला गेला तो प्रसंगांच्या साखळीचा: पटकथेतले २१ प्रसंग, त्यांचा क्रम, पात्रांची नाती. पटकथाकार वांग हायलिन न्यायालयात तज्ज्ञ सहायक म्हणून उभे राहिले.

डिसेंबर २०१४ मध्ये बीजिंगच्या न्यायालयानं प्रसारण थांबवण्याचा, जाहीर माफीचा आणि ५० लाख युआन भरपाईचा आदेश दिला. वर्षभरानं उच्च न्यायालयानं तो कायम केला. भरपाई झाली, पण माफी नाही. डिसेंबर २०२० मध्ये चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्या शंभराहून जास्त जणांनी यू झेंग आणि लेखक गुओ जिंगमिंग यांना दूरचित्रवाणीवर मानाच्या खुर्च्या देण्याविरुद्ध खुलं पत्र काढलं. गुओ यांच्यावरही वाङ्मयचौर्याचा जुना निकाल होता. ३१ डिसेंबरला दोघांनी माफी मागितली.

एकट्या, नाव नसलेल्या लेखकाला हे साधेल का? अवघड आहे. त्यानं निदान आपल्या खर्ड्यांच्या तारखा आणि पाठवलेल्या मेलचा माग जपून ठेवावा.

१३. पटकथेवर हक्क कोणाचा राहतो? निर्माता दुसरा भाग दुसऱ्याकडून लिहून घेऊ शकतो का?

कायद्यानुसार मालिकेचे हक्क निर्मात्याचे. पटकथाकाराकडे नाव लावून घेण्याचा आणि कराराप्रमाणे मोबदल्याचा हक्क. पटकथा स्वतंत्रपणे वापरता येत असेल तर तिच्यावर त्याला वेगळा हक्क सांगता येतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलेल्या कामाबद्दल करारात काहीच म्हटलं नसेल तर हक्क लेखकाकडे राहतो. म्हणूनच निर्मात्याचे करार याबाबतीत कधी गप्प बसत नाहीत. सगळे हक्क लिहून घेतले असतील तर दुसरा भाग बिनदिक्कत दुसऱ्याकडे जातो.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीनं चित्रपटलेखकांना रॉयल्टीचा वाटा कायद्यानंच दिला (वसुली कशी होते तो वेगळा विषय). चीनमध्ये कराराबाहेर काही नाही.

१४. एक-दीड मिनिटांच्या उभ्या मालिकांचे लेखकही यातच धरायचे का?

धरावेच लागतील, कारण काम तिकडे वळलं आहे. साठ ते शंभर भाग, मोबाइलवर उभे बघायचे, पहिले काही फुकट आणि पुढचे पैसे देऊन. २०२४ मध्ये चीनच्या चित्रपटगृहांची कमाई सुमारे ४२.५ अब्ज युआन झाली. या सूक्ष्ममालिकांची बाजारपेठ ५० अब्जांच्या वर गेल्याचे अंदाज आहेत.

लेखकाला इथे सेकंदांचा हिशेब ठेवावा लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात थप्पड, अपमान किंवा गुपित. भागाचा शेवट अशा ठिकाणी की बोट आपोआप पुढच्या भागावर जावं. पैसे भरायची वेळ येते त्या भागाआधी सर्वांत मोठा झटका. नवख्याला काम पटकन मिळतं आणि पैसेही लवकर मिळतात, हात मात्र याच वळणावर बसतो आणि पुढे पंचेचाळीस मिनिटांचा संथ प्रसंग लिहिता येत नाही, अशी जुन्या मंडळींची तक्रार असते. १ जून २०२४ पासून यांनाही नोंदणी किंवा परवान्याशिवाय प्रसारण नाही.

१५. अमेरिकेसारखा लेखकांचा संप तिथे होऊ शकतो का?

नाही. व्यावसायिक संस्था आहेत, त्या नमुना करार काढतात, श्रेयाच्या वादांत मत देतात. सामूहिकपणे काम बंद करण्याची ताकद त्यांच्याकडे नाही. प्रश्न १२ मधलं खुलं पत्र हेच मोठं हत्यार.

१६. चाळीस भागांची मर्यादा अजून आहे का?

२०२० मध्ये भाग ४० च्या आत ठेवा, ३० च्या आत तर उत्तमच, असं सांगितलं गेलं. पाणी घालून वाढवलेल्या मालिकांना त्यानं चाप बसला आणि 'द बॅड किड्स' (२०२०) किंवा 'द लाँग सीझन' (२०२३) यांसारख्या बारा भागांच्या घट्ट मालिकांना मान मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रशासनानं भागसंख्येचे नियम सैल करायचं जाहीर केलं. दर भागामागे पैसे घेणाऱ्या लेखकाला यात आनंद होणं साहजिक आहे. प्रेक्षक म्हणून मला होत नाही.

१७. मराठी माणूस चिनी मालिकेसाठी लिहू शकेल का?

चिनी भाषेवर मातृभाषेसारखी पकड असल्याशिवाय नाही. परदेशी कंपनीसोबतच्या संयुक्त निर्मितीची वाट आहे, पण तिथेही पटकथाकार, निर्माता, दिग्दर्शक आणि प्रमुख नट यांत किमान एक तृतीयांश चिनी असावे लागतात. कथाकल्पना विकणं त्यातल्या त्यात शक्य.

१८. भारतात हे बघायचं कुठे? आणि 'एम्प्रेसेस'चे सहाच भाग बघितले तर चालेल का?

नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारनं बंदी घातलेल्या ४३ ॲपमध्ये वीटीव्ही आणि हुनान वाहिनीचं ॲप होतं, त्यामुळे ते दार बंद आहे. नेटफ्लिक्स, विकी आणि निर्मात्यांच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर बरंच काही उपशीर्षकांसह मिळतं, आणि काही मालिका हिंदीत डब होऊनही येतात.

सहा भागांची 'एम्प्रेसेस' ही २०१५ साली परदेशी प्रेक्षकांसाठी कापलेली आवृत्ती, प्रत्येकी दीड तासाचे सहा चित्रपट. मूळ मालिका ७६ भागांची. कापाकापीत कथानक उरलं, पण दासींची कुजबूज, एका वाक्याला वीस भागांनंतर मिळणारं उत्तर, एखाद्या उदबत्तीचा वास कोणी आणि का बदलला हे सगळं गेलं. लेखन बघायचं असेल तर ७६ भाग घ्या.